डोमाजींची पाण्याची थाळी

डोमाजी लांजेवार कुणाच्याही घरी गेले की आधी पाणी मागायचे, पण ते प्यायचे नाहीत. पेला हातात आला की तो टेबलावर ठेवायचे, वाकून डोळा पाण्याच्या रेषेत आणायचे आणि घरमालकाला सांगायचे, "बाबू, तुमचं टेबल खिडकीकडं झुकून राहिलं." मग खिशातून बिडीच्या कट्ट्याचा कागद काढायचे, त्याची घडी टेबलाच्या पायाखाली सारायचे, पुन्हा पाण्याकडे बघायचे. "हां. आता बोला." तोवर पाहुणचार करणाऱ्याला काय बोलायचं होतं ते आठवत नसे.

भिलाईचा कारखाना तेव्हा उभा राहत होता. आम्ही मरोद्याच्या बाजूला पत्र्याच्या खोल्यांच्या ओळीत राहत होतो. मी नागपूरहून आलेला, एका ठेकेदाराच्या वाहतूक यार्डात हजेरीबाबू. डोमाजी त्याच यार्डात ट्रेलरवर माल चढवणाऱ्या गँगचे मुकादम, मूळचे भंडाऱ्याकडचे धानाचे शेतकरी. आवाज मोठा, मतं त्याहून मोठी.

रशियाहून आलेल्या यंत्रांच्या पेट्या रेल्वेने यायच्या आणि लांबलचक ट्रेलरांवरून साइटवर जायच्या. पेटी चढली की डोमाजी ट्रेलरवर कांशाची थाळी ठेवत आणि तिच्यात पाणी ओतत. थाळीच्या आत एक गोल रेघ कोरलेली होती. पाणी त्या रेघेला सगळीकडून सारखं टेकलं तरच गाडी हलायची. "पह्यले पानी पाह्य," हा त्यांचा मंत्र. ड्रायव्हर हॉर्न वाजवायचा, रशियन साहेब मनगटावरच्या घड्याळावर बोट आपटायचे. डोमाजी दुभाष्याला म्हणायचे, "साहेबाले सांग, घड्याळ सपाट जागेवर ठेवून पाह्य म्हना." दुभाष्या त्याचं काय भाषांतर करायचा कोण जाणे, पण साहेब गप्प बसायचे.

गणपतीत त्यांनी कहर केला. आरती ऐन रंगात असताना डोमाजी मूर्तीसमोर पालथे पडले. बायकांना वाटलं, अंगात आलं. ते चौरंगाखालची फट बघत होते. "थांबा! देव डावीकडं कलला हाय!" टाळ थांबले, चौरंगाखाली घडी गेली, आणि आरती पुन्हा पहिल्यापासून म्हणावी लागली.

माणसांचीही त्यांनी बैलगाडीवरून वर्गवारी केली होती. गाडीत मागे वजन जास्त झालं की जू वर उचललं जातं आणि गाडी मागच्या मागे उलटते. तिला आमच्याकडे 'उलाळ' म्हणतात. पुढे वजन जास्त झालं तर ते बैलांच्या मानेवर येतं, ती गाडी 'दाबावर'. यार्डातले बडबडे, उधळे, वरवर उड्या मारणारे सगळे डोमाजींच्या हिशेबी उलाळ. मी दाबावर. "बाबू, तुमी बोलत नाही, मानेवर घेऊन चालता," असं ते मला म्हणाले होते. हा त्यांचा माझ्याविषयीचा गैरसमज होता.

कारण एक गोष्ट मी बोललो होतो. डोमाजी एकटे राहत, बायको माहेरी असे. का, ते कुणाला ठाऊक नव्हतं. तेव्हा मी कँटीनमध्ये एक किस्सा रचला: लग्नाच्या पहिल्या रात्री डोमाजींनी बाजेवर थाळी ठेवली, चारी पायांखाली घड्या घालता घालता उजाडलं, आणि नवरी पहाटेच्या गाडीने पळाली. किस्सा फार चालला. पुढे निवृत्तीच्या समारंभांत लोक तो मलाच ऐकवू लागले. आता तो माहीत असलेली माणसं थोडी उरली आहेत आणि खरं माहीत असलेला बहुधा मी एकटा. म्हणून हे लिहून ठेवतो.

यार्डात एक मोडीत काढलेला ट्रेलर गवतात पडून होता. डोमाजींनी तो आमच्या साहेबांकडून मागून घेतला. त्यावर त्यांना घर बांधायचं होतं. क्वार्टर मिळायची चिन्हं नव्हती आणि यार्ड तर कामाबरोबर सारखं जागा बदलायचं. दिवाळीनंतर आम्ही रसमड्याच्या बाजूला हलणार होतो. साहेबांनी एका अटीवर हो म्हटलं: यार्ड हलेल त्या दिवशी हे घर ट्रकमागे नीट, सरळ आणि सपाट चाललं पाहिजे. नाही चाललं तर लाकूड सरपणाला, लोखंड भंगारात.

"घर कोनासाठी, डोमाजी?" मी विचारलं.

"पाहुनी येनार हाय."

"कोण पाहुणी?"

"पाहुनी म्हंजे पाहुनी. तुमाले कावून पाह्यजे नाव? ती आली का तिच्यापुढं थाळी ठेवीन. गाडी चालली तरी पानी रेघ सोडनार नाही, असं घर पाह्यजे."

पाहुणीवरून यार्डात जे काही बोललं गेलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

यंत्रांच्या पेट्यांच्या फळ्यांचं घर उभं राहिलं. भिंतीवर रशियन अक्षरं, काही सुलटी, काही उलटी. एक खिडकी, एक दार, वर पत्रा. मग डोमाजींनी दुर्गच्या जुन्या बाजारातून सामान आणलं: जातं, पाटा-वरवंटा, तांदळाची लोखंडी कोठी. जातं असं भारी की उतरवायला गँग लागली. हे सगळं त्यांनी घराच्या पुढच्या टोकाला, ट्रकच्या बाजूला, भिंतीला चिकटून मांडलं.

ओढायला लढाईनंतर लष्कराने विकून टाकलेला, डिस्पोजलचा एक ट्रक होता आणि त्याचा ड्रायव्हर बिसाहू, इथलाच छत्तीसगढी माणूस. ट्रकच्या पाठीवर ग्रीस लावलेली जाड लोखंडी चकती होती, तिला आम्ही तवा म्हणायचो. ट्रेलरच्या नाकाखालचा खुंटा त्या तव्यात अडकायचा, म्हणजे ट्रेलरचं पुढचं वजन ट्रकच्या पाठीवर आणि मागचं स्वतःच्या चाकांवर.

पहिल्या चाचणीला सगळं यार्ड जमलं. बिसाहूने ट्रक मागे घेतला, खुंटा बसला आणि ट्रकच्या मागच्या कमानपाट्यांनी, म्हणजे स्प्रिंगांनी, 'कर्र' केलं. घराचं नाक खाली गेलं, शेपूट वर. डोमाजींनी आत थाळी ठेवली.

"कका, पानी त आघू भागत हे!" खिडकीतून बघत बिसाहू ओरडला. पाणी खरंच पुढच्या काठाला जमलं होतं.

"पानी नाही भागत, तुया ट्रक बसून राहिला," डोमाजी म्हणाले.

त्यांनी तव्याखाली लोखंडी पट्ट्या घालून तो उंच केला. सामान बाहेर काढून मापलं तर पाणी रेघेवर. सामान आत गेलं की पुन्हा पुढे. त्यांनी स्प्रिंगच्या कमानीत जादा लोखंडी पाटा घातला. मग तवा आणखी उंच. शेवटी एकदा पाणी रेघेला टेकलं आणि डोमाजींनी सगळ्यांना गूळ वाटला. बिसाहू ट्रक घेऊन यार्डाला फेरी मारायला निघाला आणि पहिल्याच वळणावर सरळ मुरमाच्या ढिगात शिरला.

"चक्का घुमाथँव, गाड़ी घुमय नहीं!" तो घामाघूम होऊन उतरला.

साहेब आले. त्यांनी एकदा घराभोवती चक्कर मारली आणि हसू आवरत म्हणाले, "लांजेवार, सगळं वजन तुम्ही ट्रकच्या शेपटीवर लादलंय. त्याची पुढची चाकं जमिनीला टेकत नाहीत. तुम्ही ट्रकच उलाळ केलात."

यार्डाला हा विनोद आठवडाभर पुरला.

"जातं आणि कोठी मागे घ्या, चाकांवर," साहेब म्हणाले. "काम झालं."

"मांगं वजन नाही ठेवनार, साहेब."

"अहो, ही बैलगाडी नाही. बैलगाडीची चाकं मध्ये असतात, ट्रेलरची मागे. नाक तव्यात अडकलेलं आहे. हा उलाळ होऊच शकत नाही."

"कितीबी सांगा. मांगं नाही."

"मग दिवाळीनंतर भंगार," साहेब म्हणाले आणि निघून गेले.

साहेबांचं बरोबर होतं. हे बिसाहूला कळत होतं, मला कळत होतं, गँगमधल्या प्रत्येकाला कळत होतं. यंत्रांच्या पेट्या चढवताना खुद्द डोमाजी वजन मागे घ्यायचे. फक्त या घराशी आले की त्यांची अक्कल अडायची. मी म्हणालो, "डोमाजी, जातं चार हात सरकवलं तर काय बिघडेल?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा विचारलं नाही. ते पट्ट्या काढत-घालत राहिले. पाणी पुढे जात राहिलं.

यार्ड हलायच्या आदल्या दिवशी त्यांनी मला दुर्ग स्टेशनवर पाठवलं. "पाहुनी उतरंल. तिले टांग्यात घालून आना. मी नाही येत."

"का?"

"मी असलो तर बसनार नाही ती."

गोंदियाकडून आलेल्या पॅसेंजरमधून एक बाई उतरली. हिरवं लुगडं, हातात पिशवी, दुसरा हात कंबरेवर. कंबरेत वाकून, एक पाऊल ओढत चालत होती. नाव सरसाबाई. ती डोमाजींची बायको होती.

टांग्यात बसताना तिने मला विचारलं, "हा टांगा कोनं भरला?"

"कुणी नाही भरला, बाई. आपण दोघंच आहोत."

ती हसली. मग वाटेत तिने सांगितलं, भाजीचा भाव सांगावा तशा आवाजात. धान कापून झालं होतं. गाडी डोमाजींनी भरली, पोती मागे जास्त झाली. पोत्यांवर, मागच्या टोकाला, ती बसली होती. नाल्याच्या चढावर जू उचललं गेलं. ती खाली, पोती तिच्यावर. कंबर कायमची गेली.

"दवाखान्यात रागानं बोलून गेली का, तुमच्या हातानं भरलेल्या गाडीत आता या जन्मात बसनार नाही. राग कितीक टिकते, बाबू? पन या मानसानं ते खरंच धरलं. मले माहेरी पोचवलं, तेबी दुसऱ्याच्या गाडीत, अन् निघून आला. दर सालाले निरोप धाडते, गाडी बनवून राहिलो, थांब."

टांगा मरोद्याला पोहोचेपर्यंत मी रस्त्याकडे बघत होतो.

डोमाजी घराच्या दाराशी उभे होते, नवा सदरा घालून. बिसाहूने फळी लावली, सरसाबाई माझा हात धरून चढली. डोमाजींनी तिच्यापुढे थाळी ठेवली, पाणी ओतलं. पाणी सरळ पुढच्या काठाला गेलं.

डोमाजी बघत राहिले. "अजून एक पट्टी घालतो," ते म्हणाले. आवाज अगदी लहान होता.

सरसाबाईने घरभर नजर फिरवली. भिंतीवरची उलटी अक्षरं, खिडकी, पुढच्या भिंतीला दाटीने लावलेलं जातं, पाटा, कोठी. मागची अख्खी बाजू रिकामी. शेतकऱ्याची बायको, तिला कुणी काही समजावून सांगावं लागलं नाही.

"जातं मांगं सारा," ती म्हणाली.

"मांगं नाही."

"सारा म्हनते ना."

"मांगं नाही ठेवनार, सरसे. बाकी काहीबी सांग."

तेव्हा ती उठली. कंबरेवर हात ठेवून, पाऊल ओढत घराच्या अगदी मागच्या टोकाला गेली आणि भिंतीला टेकून खाली बसली. "हे पाहा, मीच मांगं बसली. आता आना जातं माह्याजवळ. का इतकी वर्सं घालून बी उलाळच गाडी बनवली तुमी?"

बिसाहू आणि मी पुढे झालो, तर डोमाजींनी हाताने अडवलं. गँगने उतरवलेलं ते जातं त्यांनी वरची दगडी पाळू वेगळी करून एकट्याने ढकलत, गुडघ्यांवर रांगत मागे नेलं. मग कोठी. मग पाटा. प्रत्येक वस्तू ठेवली की थांबून सरसाबाईकडे बघायचे, ती पडली तर नाही ना. ती पदराने वारा घेत बसली होती.

बिसाहूने तव्याखालच्या पट्ट्या काढल्या. पाणी रेघेला टेकलं, सगळीकडून.

दुसऱ्या दिवशी घर निघालं. मी बिसाहूजवळ बसलो होतो. डोमाजी आत बसले नाहीत. मरोद्यापासून रसमड्यापर्यंत घराच्या मागच्या चाकाशेजारून चालत आले, एक हात फळीला लावून. ट्रक वळणावर वळत होता. साहेबांची जीप बाजूने गेली, त्यांनी हात केला, डोमाजींचं लक्ष नव्हतं.

नव्या यार्डात ट्रक थांबला. डोमाजी धुळीने माखून दारात आले. रस्त्याच्या हिसक्यांनी थोडं पाणी सांडलं होतं, उरलेलं थाळीत सपाट होतं. सरसाबाईने थाळी दोन्ही हातांनी उचलली आणि त्यांच्यापुढे धरली.

"किती पाहाल? पिऊन घ्या आता."

डोमाजी पाणी पीत होते. थाळी एका बाजूला कलली होती, पाणी हनुवटीवरून नव्या सदऱ्यावर सांडत होतं, आणि ते पाण्याकडे बघत नव्हते.