नारायणअण्णांची न्हाणी

नारायणअण्णांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते अंगावर सगळे कपडे ठेवून, कोरड्या न्हाणीत, रिकाम्या तांब्यानं आंघोळ करत होते.

पुण्याहून बदली होऊन मी बंगळूरला आलो आणि जे. पी. नगरमध्ये त्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहू लागलो. किल्ली मागायला मागच्या अंगणात गेलो, तर न्हाणीचं दार सताड उघडं आणि आत हे दृश्य. डावा हात शर्टात खुपसलेला, उजव्या हातात तांब्या. तो डोक्यावर उपडा करायचे, मग तांब्या खाली ठेवून त्याच हातानं भिंत चाचपडून खडूनं फुली मारायचे. मला बघून जराही ओशाळले नाहीत. "स्वल्प थांबा हं," म्हणाले, "साबण राहिलाय."

अण्णा पासष्टीचे, लग्न केलेलं नाही. घराणं चार पिढ्या इथलंच, कापडाचं लहानसं दुकान. बोलणं मराठी, पण दर वाक्याला कानडी 'सरी', म्हणजे 'बरं'. पटलं तरी सरी, नाही पटलं तरी सरी. फरक फक्त सुरात.

घरात दुसरं माणूस एकच, थोरले भाऊ. दादा. मी यायच्या पाच महिने आधी अर्धांगाचा झटका येऊन त्यांची डावी बाजू गेली होती. दादा म्हणजे गळ्यापर्यंत बटणं लावून जेवायला बसणारा माणूस. रोज धाकट्या भावानं आंघोळ घालायची, याची त्यांना इतकी लाज वाटे की आंघोळ संपेपर्यंत डोळे मिटून बसत. एकदा ओरडले, "भांड्यासारखा घासतोस मला!" आणि पुढचे दोन दिवस आंघोळच नको म्हणाले. तेव्हापासून अण्णांनी न्हाणी हातात घेतली.

न्हाणी साधीच. गुळगुळीत कोबा, एक नळ, रंग उडालेल्या भिंती. सगळं उखडून नवं करणं परवडणारं नव्हतं. अण्णांनी छिन्नी-हातोडी आणली आणि पाट्याला टाकी लावतात तशी सगळ्या कोब्याला लावली, पाय घसरू नये म्हणून. दुकानातून आले की ठकठक सुरू. मग बसायला विटांचा ओटा बांधला. तो उंच झाला, पाडला. दुसरा बुटका झाला, तोही पाडला. तिसऱ्यावर पंधरा वेळा बसून उठले, तेव्हा कुठं समाधान झालं. टाइल्सच्या दुकानातून उरलेसुरले नग स्वस्तात आणले. एकावर द्राक्षं, एकावर मासा, एकावर अर्धीच किटली. एक नग दुसऱ्यासारखा नाही. "दादाला बघायला काहीतरी हवं ना," म्हणाले. मी हसलो. ते हसले नाहीत.

आधाराचा स्टीलचा दांडा भिंतीत बसवला आणि स्वतःच त्याला लोंबकळून पाहिलं. दांडा गिलाव्यासकट हातात आला. आवाज ऐकून मी खाली धावलो. अण्णा धुळीत बसलेले, कोपर सोललेलं.

"अण्णा, मेस्त्री बोलवा ना. एका दिवसाचं काम."

"सरी," ते म्हणाले. हे न पटल्याचं. "मेस्त्री त्याच्या हाताच्या उंचीनं दांडा लावेल. दादाचा चालता हात कुठवर पोचतो, ते त्याला काय ठाऊक?"

भिंतीवरच्या फुल्या कसल्या, ते मला तेव्हा कळलं.

दुसऱ्या खेपेला त्यांनी विटेत खोल भोकं पाडली, सिमेंट चांगलं वाळू दिलं आणि मला बोलावलं. "तुम्ही लोंबकळा. तुम्ही माझ्यापेक्षा जड." मी लोंबकळलो. दांडा जागचा हलला नाही.

रविवारी सकाळी दादा काठी टेकत न्हाणीच्या दाराशी आले. दांडा धरून पाहिला. टाकी लावलेल्या कोब्यावर पाय दाबून पाहिला.

"कडी आहे आतून?"

"आहे." बाहेरूनही ती उघडता येते, हे अण्णांनी सांगितलं नाही.

"मग तू बाहेर थांब."

कडी लागली. अण्णा दाराबाहेर उकिडवे बसले, मी जिन्याच्या पायरीवर. आत पाणी पडलं की यांचे ओठ हलायचे, तांबे मोजल्यासारखे. मग बराच वेळ काहीच नाही. अण्णा उठले, दाराला हात लावला.

आतून दरडावणी आली, "नारायणा, दारात उभा राहू नकोस. जा तिकडं."

अण्णा मुकाट्यानं पायरीवर माझ्याशेजारी येऊन बसले. "जिंकलात अण्णा," मी म्हटलं. ते सिमेंटनं फुटलेल्या तळव्यांकडे बघत होते.

"सात महिने या वेळेला त्याच्या पाठीला साबण लावत होतो," ते म्हणाले. "आमच्यात बोलणं पहिल्यापासून कमी. तेवढाच काय तो हात लागायचा."

 

थोड्या वेळानं कडी निघाल्याचा आवाज झाला. दार बोटभर उघडलं.

"नारायणा," दादांचा आवाज नेहमीपेक्षा हळू होता. "पाठीपर्यंत हात जात नाही रे."

अण्णा उठले ते एकाच पायात चप्पल घालून. आत गेले, दार लोटलं गेलं. मी जिना चढून वर आलो.