राजकन्येचा परस्पर नकार

"माझ्या गोष्टीत कुणाचं जबरदस्तीनं लग्न लागत नाही!" सोक रानहीने भर जेवणात ठणकावून सांगितलं. कंपनीचं जेवण होतं, तव्यावर डुकराचं मांस चरचरत होतं आणि सोजू दारूचा चौथा पेला तिच्या पोटात होता. दक्षिण कोरियातल्या पान्ग्योमधल्या त्या गेम कंपनीत ती बारा वर्षं गोष्टी लिहीत होती. सदतिसावं लागलं होतं, लग्न झालेलं नव्हतं आणि दोन्हींची तिला काडीचीही खंत नव्हती. खंत होती ती तिच्या आईला.

गेमचे दिग्दर्शक बांग साहेब शेजारीच बसले होते. त्यांना ते वाक्य इतकं आवडलं की त्यावरून बेतलेली ओळ आठवड्याभरात ‘चंद्रखिंडीचे वारस’ या त्यांच्या गेमच्या जाहिरातीवर मोठ्या अक्षरांत झळकली : ‘तुमचं प्रेम, तुमची निवड!’ आणि दुसऱ्याच दिवशी साहेबांनी तिला खोलीत बोलावलं.

"सोकबाई, सातव्या भागात राजकन्या सोराशी लग्न. सगळ्या खेळाडूंचं."

"सगळ्यांचं? पण साहेब, निवड..."

"निवड आहेच की! लग्नाचा पोशाख काढण्यात चित्रकारांचे चार महिने गेलेत. लग्नच झालं नाही तर तो पोशाख घालायचा कुणी? मी? तीन पर्याय द्या. तिन्ही बोहल्याकडे न्या."

रानहीने लिहिलं. राजकन्या विचारणार, "माझ्याशी लग्न कराल?" खेळाडूपुढे पर्याय तीन. पहिला, ‘हो’. दुसरा, ‘अर्थातच हो’. तिसरा, ‘गप्प राहा’.

"तिसरा झकास!" साहेब खूश झाले. "मौन म्हणजे संमती! तुमची काही हरकत?"

हरकत होती. दोन पानं भरतील एवढी होती! पण साहेबांसमोर तिची जीभ टाळ्याला चिकटायची, ती आजही चिकटली. ती गप्प राहिली आणि साहेबांनी कागदावर ‘मंजूर’ लिहून टाकलं.

संध्याकाळी आईचा फोन. "अगं, हॉल मिळाला! पुढच्या मे महिन्यातला, शनिवार दुपारचा! कुणाचं तरी मोडलं म्हणून."

"कुणाच्या लग्नासाठी?"

"तुझ्या! नाव घालूनसुद्धा आले."

"आई, नवरा कुठाय?"

"नवरा काय, महिन्याभरात मिळतो. पार्किंगवाला हॉल वर्षवर्ष मिळत नाही!"

उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात. इथे नवऱ्याचा पत्ताच नव्हता, नुसतं बाशिंग येऊन पडलं होतं!

"दातांचे डॉक्टर आहेत, येओम नावाचे," आई म्हणाली. "हॉटेलात कॉफीला भेटायचं. या शनिवारी दोनला, रविवारी दोनला, की पुढच्या शनिवारी चारला? निवड तुझी हो. मी कशाला जबरदस्ती करू!"

"नकोच, असा पर्याय नाही का?"

"असा कसा असेल?" आईला खरोखरच आश्चर्य वाटलं.

रानहीने त्यातल्या त्यात लांबचा शनिवार धरला. रात्रभर मात्र ती आतल्या आत धुमसत राहिली. सकाळी कचेरीत आल्या आल्या तिने सातवा भाग उघडला आणि एक गुपचूप प्रवेश लिहिला. ज्या खेळाडूने राजकन्येची वाक्यं स्किपचं बटण दाबून उडवली असतील, त्याच्यासमोर ती लग्नाच्या वेळी मुकुट काढून ठेवते आणि म्हणते, "तुम्ही माझं एक वाक्यही ऐकलं नाहीत. मला तुमच्याशी लग्न करायचं नाही."

लिहून झाल्यावर रानहीला भडाभडा रडू आलं. मन हलकं झालं. आता हे पुसून टाकू, असं तिने ठरवलं आणि तोंड धुऊन आली. परत येऊन बघते तर भाग तपासणीला गेलेला!

तपासनीस ते शोधून काढतील आणि आपली नोकरी जाईल, या भीतीने ती दोन दिवस जेवली नाही. पण तपासनीसांना काहीच सापडलं नाही. सापडणार कसं? शुद्धलेखनाच्या चुका शोधायच्या म्हणून ते बिचारे राजकन्येचं प्रत्येक वाक्य शेवटपर्यंत वाचत होते. त्यांना तिने प्रत्येक वेळी आनंदाने माळ घातली!

गुरुवारी भाग प्रसिद्ध झाला. संध्याकाळपर्यंत दहांतले नऊ नवरदेव बोहल्यावरून परत आले होते.

सोमवारी कंपनीच्या दारात ट्रक उभा. खेळाडू चिडले की वर्गणी काढून असा ट्रक पाठवतात आणि त्याच्या भल्या मोठ्या पडद्यावर आपला राग दिवसभर फिरवतात. या पडद्यावर लाल अक्षरांत होतं : ‘राजकन्येला नकाराचा हक्क कुणी दिला?’

"कुणी दिला?" बांग साहेबही तेच विचारत होते. "खेळाडूनं नाही म्हटलं असतं तर एक वेळ चाललं असतं! हिनं म्हणायचं?"

"साहेब, आपण जाहिरातीत निवड म्हटलंय..." रानही कशीबशी पुटपुटली.

"खेळणाऱ्याची! तिची कसली निवड? जाहीर माफी लिहा, तुमच्या नावानं!"

बारा वर्षांत तिने लिहिलेल्या ओळींपैकी सगळ्यात जास्त वाचली गेली ती हीच : ‘राजकन्येने परस्पर मत व्यक्त केल्याबद्दल मी मनापासून दिलगीर आहे.’ प्रवेश पुसला गेला. मुकुट पुन्हा राजकन्येच्या डोक्यावर बसला. रानहीला स्वतःची विलक्षण किळस आली.

शनिवारी चारला ती हॉटेलात पोचली ती एक निश्चय करूनच. राजकन्येचं वाक्य तिला तोंडपाठ होतं. तेच म्हणायचं आणि उठायचं!

डॉक्टर येओम वेळेवर आले. दात खरोखर सुंदर होते आणि ते सतत दिसत होते, कारण डॉक्टर बोलायचे थांबतच नव्हते. दवाखाना, गाडी, गोल्फ. मग एकदम आवाज खाली आला.

"कुणाला सांगू नका, पण सध्या मी फार दुखावलोय. एक गेम खेळतो मी. त्यातल्या राजकन्येनं मला नकार दिला! काही कारण नसताना! ट्रकला वर्गणी दिली मी."

रानहीची कॉफी नाकात गेली. "ती... ती काय काय बोलायची तुमच्याशी?"

"बोलायची? ते बटण दाबलं की जातं ना पुढे!" डॉक्टर हसले. "बरं, तुमच्या आईंनी हॉल घेतलाय म्हणे. पार्किंग आहे?"

"आहे."

"मग मे महिना मला सोयीचा आहे. तुमचं काय?"

आता! रानहीने तोंड उघडलं. तेवढ्यात तिची नजर दोन टेबलं पलीकडे गेली. तिथे मेन्यूकार्डाच्या आड, गळ्यात ठेवणीतले मोती घालून आई बसली होती. डोळे मिटलेले, हात जोडलेले, ओठ पुटपुटत होते. जीभ टाळ्याला चिकटली ती चिकटलीच. वाक्य आलं तसं परत गेलं.

डॉक्टरांनी क्षणभर वाट पाहिली. मग समाधानाने मान डोलावली आणि स्वतःच्या आईला फोन लावला.

"हॅलो, आई? हो, तयार आहे. अगदी मोकळेपणानं विचारलं मी तिला!"