साळिंदररावांचा पत्ता

मुलांनो, जवळ या आणि नीट बसा. गुडघे दुखत असतील तर पाय पसरून बसलात तरी चालेल.

एका जंगलात, म्हणजे आपल्या नव्हे, नदीपलीकडच्या, एक निवृत्त साळिंदरराव राहत होते. मूळचे ते इकडचेच. पण इकडे जमीन खडकाळ आणि नातेवाईक फार. म्हणून निवृत्त होताच त्यांनी इथलं बीळ विकलं आणि बायकोला घेऊन ते पलीकडे गेले. तिथली माती मऊ होती. बिळाचं मागचं दार बायकोने स्वतः उकरलं. पुढे ती वारली. साळिंदरराव रोज त्या दारात बसून राहायचे. त्यांना हवंसं वाटावं असं तेवढंच उरलं होतं.

नोकरीत ते हेडक्लार्क होते. स्वतः चालत आलेल्या म्हाताऱ्या सशाला हयातीचा दाखला आणायला परत पाठवणारे म्हणून त्यांचं नाव होतं. ते त्यांना भूषण वाटे.

पलीकडच्या जंगलात एक नियम होता. बाहेरून येऊन राहिलेला प्राणी नदी ओलांडून परतला, की त्याने एका दिवसात पुलाजवळच्या कचेरीत जाऊन पत्ता सांगायचा. पत्ता जुनाच असला तरी सांगायचा. नाही सांगितला तर तो परतलाच नाही असं धरायचं, आणि आठ दिवसांनी त्याचं बीळ दुसऱ्याला द्यायचं.

अकरा वर्षं साळिंदररावांनी नदी ओलांडली नव्हती. यंदा बहीण आजारी पडली म्हणून ते आले, तिला भेटले आणि परत गेले. शेजारच्या घोरपडकाकूंनी दारातच गाठलं.

"भाऊजी, आधी कचेरीत जाऊन या. दहा मिनिटांचं काम आहे."

साळिंदररावांना ते पटेना. बीळ तेच, आपण तेच, मग कळवायचं काय? हा तत्त्वाचा प्रश्न होता. त्यांनी पाठीचा एक काटा उपटला, शाईत बुडवला आणि नियमाविरुद्ध अर्ज लिहायला घेतला. मसुदा तीनदा झाला. पाचव्या दिवशी काकूंनी पुन्हा आठवण केली, तेव्हा ते परिशिष्टावर होते. काकूंना परिशिष्ट म्हणजे काय ते समजावण्यात तो दिवस गेला.

नवव्या दिवशी चौदा पानी अर्ज कचेरीत पोचला. तिथल्या बगळ्याने तो शांतपणे पूर्ण वाचला. अक्षराचं कौतुक केलं. मग नोंदवही उघडली.

"तुम्ही गेल्याची नोंद आहे. आल्याची नाही."

"अहो, मी समोर उभा आहे."

"दिसताय. पण परतलेले नाही."

उत्तर बिनचूक होतं. खुर्चीत साळिंदरराव असते तर त्यांनीही हेच दिलं असतं, त्यामुळे त्यांना धड रागावताही येईना. बीळ आदल्याच दिवशी एका उदमांजराला मिळालं होतं. तेही आपल्या इकडूनच आलेलं, निवृत्त. नवीन बीळ हवं तर आधी परतल्याची नोंद हवी होती, आणि नोंदीसाठी बिळाचा पत्ता. इकडचं तर विकलेलंच.

साळिंदरराव पुलाच्या मधोमध येऊन बसले.

म्हणजे मीच. तुम्ही केव्हाच ओळखलं असेल. इथून ते मागचं दार दिसतं. उदमांजर त्यात शेपूट पसरून बसतं. मला ते बघवत नाही, आणि मी दुसरीकडे बघतही नाही.

गेल्या महिन्यात माझा अर्ज मंजूर झाला. बगळा स्वतः सांगायला आला. मुद्दे वरपर्यंत पटले होते. ज्यांचा पत्ता बदललेला नाही, त्यांना यापुढे कचेरीत यायची गरज नाही.

माझा बदललेला असल्यामुळे मला ही सवलत लागू नाही.

तात्पर्य: आपली बाजू खरी असेल आणि ती सुवाच्य अक्षरात, परिशिष्टासह मांडली, तर न्याय मिळतोच. फक्त तो उदमांजराला मिळतो.