धरणारा माणूस

टायटॅनियमच्या ऑर्डरी कमी झाल्यापासून आमच्या वर्कशॉपमध्ये माणसांनाही कोटिंग करून मिळतं. पद्धत तीच. वस्तू द्रावणाच्या टाकीत सोडायची, वीज चढवायची. अंगभर बारीक ठिणग्या नाचतात आणि पृष्ठभागातूनच दगडासारखा कडक थर उगवतो. रंगासारखा वरून दिलेला नसल्यामुळे तो सोलून निघत नाही. माणूस थोडा कुरकुरतो, एवढाच फरक.

टिपरे आले ते पाणीपुरवठ्याच्या तक्रार खिडकीवरून. रोज लोकांच्या शिव्या खाऊन माणूस पार पिचला होता.

"सगळीकडून करा," ते म्हणाले. "कुणाचं काही लागायला नको."

"धरायला कुणाला आणलंय?"

त्यांना हे माहीतच नव्हतं. टाकीत सोडताना पकड लागते, आणि पकड त्याच जातीची लागते. टायटॅनियमला टायटॅनियमची, माणसाला माणसाची. जिथं धरलं तिथं थर येत नाही, तेवढी जागा कोरी राहते. लोक बायकोला आणतात, भावाला आणतात.

"असं कुणी असतं तर इथं कशाला आलो असतो, मिस्त्री?"

मला दया आली, आणि खरं सांगायचं तर रागही आला. शिफ्ट संपत आली होती. शेवटी माझ्याच हाताला वरून मेण फासलं, म्हणजे त्याच्यावर थर चढणार नाही, आणि त्यांचं मनगट धरलं.

काम चांगलं झालं. करडा, एकसारखा थर आला. मनगटावर माझ्या बोटांएवढी जागा तेवढी कोरी राहिली.

आता टिपऱ्यांना शिव्या लागत नाहीत. ऊनही लागत नाही, चहाही गरम लागत नाही. कचेरी सुटली की ते येतात, बाकावर बसतात आणि मनगट पुढं करतात. मी धरतो.

"हात गार आहे तुमचा. बाहेर थंडी पडली वाटतं?"

"पडलीय."

"बरं झालं सांगितलंत."

दिवाळीला मालकांनी कामगारांना फुकट कोटिंग जाहीर केलं. मी कधीपासून याचीच वाट पाहत होतो. अंगात त्राण उरलेलं नाही. बायको धरायलाही तयार होती. पण एकदा कोटिंग झालं की, मेण लावून हात कोरा ठेवला तरी, त्याची ऊब समोरच्याला कळत नाही. मी मालकांना नको म्हणून सांगितलं.

"का हो, मिस्त्री? थकलात म्हणत होता ना?"

"थकलोय. पण संध्याकाळी एक माणूस येतो."

"मग राहू द्या," मालक म्हणाले.