नझीहाआत्याची यंदाची पसंती

उन्हाळा लागला की समुद्राकाठच्या महदिया गावातल्या बायका दोन गोष्टींकडे डोळे लावून बसतात, लग्नाची आमंत्रणं आणि नझीहाची पसंती. निदान नझीहाचं तरी तसं ठाम मत होतं. ती नगर वाचनालयात ग्रंथपाल होती. सुट्ट्या लागल्या की भावाच्या गच्चीवर बदामाचं सरबत पीत पीत ती जाहीर करायची, यंदा वाचायचं काय, नटायचं कशाने आणि ऐकायचं काय. तिला कुणी विचारलेलं नसे. पण न विचारता सल्ला देण्यात तिचा हात धरणारं गावात कुणी नव्हतं.

यंदाचं पुस्तक मिठाच्या व्यापाऱ्यांच्या घराण्याचं होतं, उशाला घेता येईल इतकं जाड. नझीहाने ते शेवटच्या पानापासून वाचायला घेतलं होतं. सगळीच पुस्तकं ती तशी वाचते. कोण मरणार ते आधी कळलं की माणूस निवांत वाचतो, असं तिचं म्हणणं. नटायला तिने हरकूस निवडला होता. लवंगेच्या वासाचा तो काळा रंग बारीक काडीने अंगावर रेखायचा, आणि एकदा बसला की तो आठवडाभर साबणाला दाद देत नाही. ऐकायला फोनवरची एक मालिका होती, दीपगृहातल्या खुनाची.

"आणि उल्फाच्या लग्नाचा हरकूस मीच काढणार," तिने सरबताचा पेला खाली ठेवत सांगून टाकलं.

उल्फा ही तिची भाची. तिच्या आईने, म्हणजे मोंजियाने, हरकूस काढणारी बाई कधीच ठरवून ठेवली होती. नझीहाने त्या बाईला परस्पर नको म्हणून कळवलं.

"वन्सं, लग्न आहे हे," मोंजिया म्हणाली. "तुमच्या वाचनालयातलं पुस्तक नव्हे, आवडलं नाही तर परत करायला."

"वहिनी, माझा हात कधी हललाय?"

मोंजियाला घोर होता तो मब्रूकाआजीचा. या नवऱ्या मुलाच्या आजी, दक्षिणेकडच्या, खजुराच्या बागांच्या तोझूरच्या. समुद्राकाठच्या मुली नुसत्या दिखाऊ, असं त्यांनी न बघताच ठरवून टाकलं होतं आणि त्या घरात त्यांच्या शब्दाबाहेर कुणी जात नसे. लग्नाच्या दिवशी त्या नातसून पहिल्यांदा बघणार होत्या.

लग्नाच्या दुपारी उल्फाचे हातपाय नझीहाने असे रेखले की नाव ठेवायला मोंजियाला जागा उरली नाही, त्यामुळे ती जरा हिरमुसलीच. आता राहिला होता गालावरचा एक तीळ. एवढ्याशा कामाला कान रिकामे कशाला ठेवायचे, म्हणून नझीहाने मालिका लावली. गोष्टीतली विधवा दीपगृहाचा जिना चढत होती. पुढे काय होणार, हे आयुष्यात पहिल्यांदाच नझीहाला ठाऊक नव्हतं, कारण कानाने ऐकायच्या गोष्टीला शेवटचं पान नसतं. तिने काडी गालावर टेकवली आणि जिन्यावरचं दार करकरलं. विधवा किंचाळली, तिच्याबरोबर नझीहाही किंचाळली आणि काडी नागमोडी धावत थेट कानाजवळ जाऊन थांबली.

"आत्या," उल्फाने हळूच विचारलं, "तीळ एवढा लांब असतो?"

मोंजियाने साबण आणला, लिंबू आणलं, ऑलिव्हचं तेल आणलं. गाल लाल झाला आणि त्यावर ती रेघ आणखीनच उठून दिसू लागली. पावडर थापली तर ती घामाने वाहून गेली. या पोरीला नझीहाने अंगाखांद्यावर खेळवलं होतं, आणि पहिल्याच दिवशी सासरी तिचं हसं होणार ते आपल्यामुळे! पण पोटातलं ओठावर येऊ देईल तर ती नझीहा कसली.

"खजुराची फांदी आहे ती," तिने ठणकावून सांगितलं. "मुलाकडचे तोझूरचे ना? मुद्दाम काढलीय." आणि तिने त्या रेघेला दोन्ही बाजूंनी पानं फोडली.

मब्रूकाआजी आल्या. त्यांनी उल्फाची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं आणि गालावरच्या फांदीवर बोट ठेवलं.

"हे कुणी काढलं?"

मोंजियाने आख्खा हात लांब करून नणंदेकडे दाखवला.

"माझ्या आईच्या गालावर अशीच फांदी गोंदलेली होती," आजी म्हणाल्या. "अशीच वाकडी. हल्लीच्या बायका सरळ काढतात. सरळ असली की ती फांदी नव्हे, केरसुणी." त्यांनी उल्फाला जवळ ओढून तिचे पटापट मुके घेतले. मग खुर्ची ओढून नझीहासमोर बसल्या आणि स्वतःचा गाल पुढे केला. "आता मला काढ. हुबेहूब तश्शीच."

मागे त्यांच्या सुनांची रांग लागली.

नझीहाने आधी सराव म्हणून मोंजियाच्या मनगटावर काढून पाहिली. सरळ आली. दुसरी काढली, तीही सरळ. तिसरी तर पट्टी लावून आखल्यासारखी! शेवटी कोपराजवळ पोचल्यावर तिने मालिकेचा तोच भाग पुन्हा लावला. जिना आला, दार करकरलं, विधवा किंचाळली. पण दारामागे मांजर आहे हे आता नझीहाला ठाऊक होतं, त्यामुळे काडी तसूभरही ढळली नाही. आजींचा गाल अजून पुढेच होता.

मोंजियाने कोपरापर्यंत केरसुण्यांनी भरलेला आपला हात नणंदेसमोर धरला.

"वन्सं," ती गोड आवाजात म्हणाली, "तुमचा हात कधी हललाय?"