बारा मावळे, चोवीस डोळे

शिवशरण तसा कुणाच्या अध्यात ना मध्यात. विम्याच्या ऑफिसात कारकुनी, संध्याकाळी घर. पण त्या दिवशी भर रस्त्यात त्याची जीभ घसरली. (बायकोने, म्हणजे प्रेमलाने, पिशवीने ढोसून थांबवायचा प्रयत्न केला होता, हे तिच्या बाजूने सांगायला हवं.)

झालं असं, की दिवाळीच्या किल्ल्यासाठी मावळे घ्यायला तिघं सोलापुरातल्या फूटपाथवर मातीची चित्रं विकणाऱ्या गंगम्माकडे गेली. आठ वर्षांच्या लेकीने, उर्वीने, मातीचे सहा मावळे निवडून ओढणीत धरले. शिवशरणने त्यातला एक उचलून चष्म्याजवळ नेला.

"मावशी, याचा एक डोळा पार कानापाशी गेलाय की!"

"दोनशे नग रंगवते सायेब, एखादा जातोय हिकडंतिकडं. डोळा काडायला हात बसावा लागतोय."

"त्यात काय अवघड? उर्वी, ठेव ते खाली. बाबा घरी रंगवतील, अगदी खऱ्यासारखे!"

उर्वीने एकेक मावळा खाली ठेवला. संध्याकाळपर्यंत सोसायटीतल्या पोराटोरांना बातमी पोचली, की उर्वीच्या किल्ल्यावर खरी फौज येणार.

फौज कुरिअरने आली. बोटभर उंचीचे बारा प्लॅस्टिकचे मावळे, बिनरंगाचे, पण मिशीचा केस न केस कोरलेला. सोबत रंगाच्या बाटल्या आणि तीन केसांचा ब्रश. रंगवायला शिकवणाऱ्या व्हिडिओतला माणूस कळवळून सांगत होता, की रंगात पाणी घाला, पातळ हात द्या, वाळू द्या. शिवशरणला ते पटेना.

"पाणी घालायला मी काय दूधवाला आहे? आपलं काम चोख!"

चोख रंगाच्या पहिल्याच हातात मावळ्यांची नाकं बुजली. त्याने ती टाचणीने उकरली, तर दोघांची हातात आली. उकरलेलं झाकायला दुसरा हात, दुसऱ्याचे फुगवटे झाकायला तिसरा.

प्रेमला चहा घेऊन आली. "अहो, यांना गोवर आलाय का?"

"डोळे काढले की बघ कशी वीरश्री येते!"

डोळे होते चोवीस. पहिल्याचा उजवा डोळा थोडा मोठा झाला. म्हणून डावा त्याच्या मापाचा केला, तर तो आणखी मोठा झाला. मग उजवा वाढवला. या न्यायाने चौथ्या मावळ्याला कपाळच उरलं नाही. रणगर्जना म्हणून उघडी दाखवलेली तोंडं थेट दाताच्या डॉक्टरकडे उघडल्यासारखी दिसू लागली.

वसुबारस उजाडली. दुसऱ्या दिवशी सकाळी सोसायटीच्या किल्ला स्पर्धेचं परीक्षण. उर्वीने बाराही मावळे बघितले. ती रडली नाही. "छान आहेत बाबा," म्हणाली, आणि एकेकाला गडावर उभं करून त्याचं तोंड हळूच भिंतीकडे वळवलं.

ती रडली असती तर परवडलं असतं. शिवशरणला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पोरीच्या हातातले मावळे आपण खाली ठेवायला लावले, तेही कष्टाने पोट भरणाऱ्या बाईला चारचौघांत हिणवून. त्याने मावळे डब्यात भरले आणि तिन्हीसांजेला गंगम्मापुढे जाऊन उभा राहिला, हेल्मेटसकट.

"सायेब, हेल्मेट काडा की. चालण्यावरनंच वळखलं मी."

त्याने हेल्मेट काढलं. कान लाल झाले होते. "मावशी, चुकलं माझं. त्या दिवशी बोलायला नको होतं. बारा मावळे द्या."

"मावळं दुपारीच संपलं. गवळणी उरल्यात निस्त्या."

"मग यांचे डोळे तरी नीट काढून द्या," म्हणत शिवशरणने डबा पुढे केला. गंगम्माने तो उघडून आत बघितलं, झाकण लावलं, आणि धीर करून पुन्हा उघडलं.

"ह्यास्नी नाकच न्हाय, डोळा कुटं काडू?" तिने एक मावळा उताणा धरून बघितला. "लडाई म्हनल्यावर शत्रू नगं व्हय? ह्ये शत्रू करा, मेल्यालं. खाली आडवं झोपवा. गडावर गवळणी उभ्या करा."

दुसऱ्या दिवशी सकाळी उर्वीच्या गडावर डोक्यावर हंडे घेतलेल्या बारा गवळणी पहाऱ्याला होत्या. पायथ्याशी बारा वीर धारातीर्थी पडले होते, पायाखालच्या गोल चकत्यांसकट. शिवशरण पार्किंगच्या खांबाआड उभा होता.

परीक्षक आबासाहेब म्हणजे चित्रकलेचे निवृत्त मास्तर. ते गवळणींना बघून हसले, मग पायथ्याशी उकिडवे बसले ते उठेचनात.

"चाळीस वर्षं चित्रकला शिकवली," ते शेवटी म्हणाले, "पण मरताना माणसाच्या तोंडावर येणारी भीती इतकी हुबेहूब कधी पाहिली नाही! कुणी रंगवले हे?"

"माझ्या बाबांनी!" उर्वी ओरडली, आणि खांबाआडून त्याला हाताला धरून ओढत आणलं.

पहिला नंबर आला. टाळ्या वाजल्या. उर्वी कप छातीशी धरून नाचत होती, आणि मावळ्यांच्या तोंडावर भीती नव्हे, वीरश्री काढली होती हे सांगायला शिवशरणचं तोंड काही उघडेना.

दुपारी फराळाचा डबा घेऊन तो गंगम्माकडे गेला आणि त्याने सगळं खरं खरं सांगितलं. ती पदरात तोंड घालून हसली, डोळे पुसले, आणि चकलीचा तुकडा मोडत गंभीरपणे म्हणाली,

"पुडच्या दिवाळीला या की सायेब माज्याकडं. जित्ती मी रंगवते, मेल्याली तुमी."