कळल्याची तारीख

धाकट्या बहिणीच्या ओट्यावर कवळ्यांचे अकरा साचे होते: सात वरच्या दातांचे, चार खालच्या. त्यांच्यामध्ये सहा कप, दुधाचं पातेलं आणि सिंकमध्ये दगड झालेलं प्लास्टर.

कवळ्या बनवणाऱ्या दादाची कामाची खोली घटस्फोटात गेली होती. "आत्ता बायकोला लिहून द्या, पुढे परत मागता येते," असं त्याच्या वकिलाने सांगितलं होतं. पाच महिन्यांपूर्वी दादा मागायला गेला आणि ती मागता येत नाही, असं कळलं. आता त्या वकिलावर दावा लावून भरपाई मिळाली, तरच दुसरी खोली घेता येणार होती. बहिणीने ओटा महिनाअखेरपर्यंतच दिला होता.

"मुदत तीन वर्षांची," नव्या वकीलबाई म्हणाल्या. "तुमच्या सहीला तीन वर्षं चार महिने झालेत. पण सल्ला चुकीचा होता हे तुम्हाला पाच महिन्यांपूर्वीच कळलं, असं दाखवता आलं तर दावा टिकेल. तोवर तुम्ही अंधारात होतात, असं सांगणारा साक्षीदार आणा."

दादाने बहिणीला नेलं. मेहुणे न सांगता आले.

"अंधारात?" बहीण म्हणाली. "मॅडम, हा सही करून आला त्याच संध्याकाळी मी म्हटलं, दादा, गेली तुझी खोली!"

"संध्याकाळी कसलं? मी सकाळीच बजावलं होतं," मेहुणे म्हणाले.

"तुम्ही? तुम्ही घोरत होतात!"

फोनवर आई म्हणाली, "मी तर त्या वकिलाचं तोंड बघूनच ओळखलं होतं. पण माझं ऐकतंय कोण?"

वकीलबाईंनी तिन्ही नावं खोडली. "तुम्हाला शहाणपण न शिकवलेलं एकही माणूस नाही?"

दादाने बराच विचार केला आणि तिथूनच घटस्फोट झालेल्या बायकोला स्पीकरवर फोन लावला.

"तेव्हा खोलीबद्दल तू मला काही बोलली होतीस?"

"एक शब्द नाही. आपण बोलत होतो का तेव्हा?"

दादाच्या जिवात जीव आला. "हे कोर्टात सांगशील?"

"सांगेन की. मी मेसेज केला होता. सहीनंतर चौथ्या दिवशी. म्हटलं, वकिलाने तुला चुकीचं सांगितलंय, खोली परत मिळत नसते, कुणाला तरी विचार. मलाच कसंतरी वाटत होतं. तुझं उत्तरही आहे."

"काय लिहिलं होतं मी?"

"'मला सगळं कळतं.'"

वकीलबाईंनी भिंतीवरचं कॅलेंडर उतरवलं आणि पेन्सिलीने मोजलं. मुदत संपून एकशे अठरा दिवस झाले होते.